आधी नोंद, मग स्क्रीन

वेब ॲप्लिकेशन शिकवणाऱ्या बहुतेक अभ्यासक्रमांची सुरुवात सारखीच असते. एक पान, पानावर बटण, बटण दाबलं की आकडा वाढतो. आपण काही केलं आणि यंत्राने लगेच उत्तर दिलं, म्हणून विद्यार्थी खूश. मग कामांची यादी ठेवणारं छोटं ॲप होतं, रंगसंगती होते, आणि पुढे केव्हातरी शिक्षक सांगतात की आता खरा डेटा घेऊ. इथे गाडी अडते. सर्व्हरवरून आलेल्या यादीत यादी आहे, तिच्यात आणखी एक. काही ठिकाणी नाव आहे, काही ठिकाणी रिकामी जागा, काही ठिकाणी नावाचा रकानाच नाही. बटणाचा रंग बदलण्यात तरबेज झालेल्या मुलाला या पसाऱ्यातून तिसऱ्या ओळीतला पत्ता काढता येत नाही. तो म्हणतो, "मला जावास्क्रिप्ट जमत नाही." बऱ्याचदा जावास्क्रिप्ट त्याला पुरेशी जमत असते. समोरच्या माहितीची घडण वाचायला मात्र त्याला कुणी बसवलेलं नसतं.

अशी माहिती हाताळायला माणसं कशी शिकतात आणि मराठीत काम करणाऱ्याला त्यात वेगळं काय लागतं, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो: शिकवण्याचा क्रम उलटा आहे. एक नोंद म्हणजे काय हे ठरवायला शिकणं आधी यायला हवं आणि ती नोंद स्क्रीनवर नाचवणं नंतर.

हे म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधून लिहितो आहे, आणि त्या जागेचा विषयाशी संबंध आहे. इन्फोसिसच्या इथल्या आवारातल्या प्रशिक्षणामुळे महाराष्ट्रातल्या इंजिनिअरांच्या कित्येक तुकड्यांनी हे शहर पाहिलं आहे. (कंपनी १९८१ साली स्थापन झाली ती पुण्यात, हे पुणेकर सांगितल्याशिवाय राहत नाहीत.) पण डेटाची शिस्त या गावात त्या आवाराच्या बऱ्याच आधी आली. सरस्वतीपुरमजवळच कुक्करहळ्ळीचं तळं आहे, त्याच्या पलीकडे विद्यापीठाचं मानसगंगोत्री आवार, आणि त्याच बाजूला हुणसूर रस्त्यावर १७ जुलै १९६९ रोजी सुरू झालेलं भारतीय भाषा संस्थान. देबीप्रसन्न पट्टनायक हे त्याचे पहिले संचालक. वेब जन्मालाही आलं नव्हतं तेव्हापासून या संस्थेत भाषेची माहिती कशी गोळा करायची, कशी लावायची, हा रोजच्या कामाचा भाग आहे.

१९९१ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय भाषांसाठी तंत्रज्ञान विकसित करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. प्रत्येक भाषेतला सुमारे ३० लाख शब्दांचा छापील मजकूर संगणकात आणायचा, अशी त्यातली एक योजना. कन्नड, तमिळ, तेलुगू आणि मल्याळमचं काम म्हैसूरच्या या संस्थानाकडे आलं, तर मराठी आणि गुजरातीचं पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे. मजकूर १९८१ ते १९९० या काळात छापलेला असावा आणि तो ठरावीक वर्गांत बसावा, असं ठरलं. साहित्य-कला, सामाजिक शास्त्रं, निसर्गविज्ञान, वाणिज्य, शासकीय व प्रसारमाध्यमांची भाषा, आणि भाषांतरित मजकूर, असे ते वर्ग. आजचा विद्यार्थी एपीआयचं कागदपत्र उघडतो तेव्हा त्याला रकान्यांची यादी दिसते. त्या यादीमागे असे निर्णय घेतलेले असतात: काय आत घ्यायचं, कोणत्या वर्षांतलं, एखादा मजकूर दोन वर्गांत बसत असेल तर काय करायचं. भाषांतरित कादंबरी साहित्यात टाकायची की भाषांतरात? ज्याने हा वाद एकदा घातला आहे त्याला रकाना म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

त्या काळात भारतीय लिप्यांसाठी आयस्की हे मानक होतं, तेही १९९१चंच. त्याची गंमत अशी की कन्नड 'क' आणि देवनागरी 'क' यांना एकच संकेतांक होता. लिपी कोणती हे वेगळं सांगावं लागे. ते सांगायचं राहिलं तर फायलीतली अक्षरं शाबूत असूनही मजकूर मराठी आहे की कन्नड हे यंत्राला कळायला मार्ग नाही. माहितीइतकंच माहितीविषयीच्या माहितीला जपावं लागतं, याचा इतका स्वच्छ दाखला मला नव्या पुस्तकांत सापडलेला नाही. पुढे इंग्लंडमधलं लँकॅस्टर विद्यापीठ आणि म्हैसूरचं संस्थान यांनी मिळून दक्षिण आशियाई भाषांचा मोठा संग्रह युनिकोडमध्ये आणला. त्यात मराठीचे सुमारे २२ लाख शब्द आहेत. अकराव्या पंचवार्षिक योजनेत संस्थानात भाषिक डेटाचा स्वतंत्र उपक्रम आला, आणि २०१६मध्ये 'भारतवाणी' हे अनेक भाषांतले कोश लोकांपुढे ठेवणारं संकेतस्थळ.

मराठी मुलखात याचा आणखी जुना नमुना आहे आणि तो सहसा भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांबाहेर कुणाला ठाऊक नसतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय इंग्रजीचा एक संग्रह तयार झाला. मजकूर १९७८ सालचा. एकूण सुमारे दहा लाख शब्द, त्यांचे ५०० तुकडे, प्रत्येक तुकडा साधारण २,००० शब्दांचा, तुकडे १५ वर्गांत वाटलेले. ही मोजपट्टी अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संग्रहावरून जाणूनबुजून घेतली, म्हणजे दोन्हींची तुलना करता यावी. दोन संग्रहांचे रकाने जुळले तरच ते शेजारी ठेवता येतात. आज दोन एपीआय एकत्र जोडताना मुलं जिथे रडकुंडीला येतात ती जागा हीच, आणि ती कोल्हापूरकरांनी काम सुरू करण्याआधीच सोडवलेली होती.

वेबची बाजू थोडक्यात. एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती तक्त्यांत ठेवण्याचं गणित मांडलं. १९९९च्या सुमारास ब्राउझरला पान न बदलता सर्व्हरकडून माहिती मागवता येऊ लागली, २००५मध्ये त्या पद्धतीला एजॅक्स हे नाव मिळालं. डग्लस क्रॉकफर्ड यांनी जावास्क्रिप्टच्या पोटातूनच जेसॉन काढलं आणि एक्सएमएलच्या जागी ते हळूहळू सर्वत्र पसरलं. जेसॉनचं व्याकरण पोस्टकार्डावर मावेल एवढंच आहे: जोड्यांचा संच, यादी, मजकूर, संख्या, खरं-खोटं, आणि 'काही नाही'. शिकायला अर्धा तास पुरतो, त्यामुळे शिक्षक अर्धाच तास देतात. त्यात तारखेला स्वतःचा प्रकार नाही, हे मात्र चूक होईपर्यंत कुणी सांगत नाही.

म्हैसूरचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी मैसूरु झालं. ही तारीख १/११/२०१४ अशी लिहिली तर अमेरिकन वाचक ती ११ जानेवारी समजतो. मानक पद्धतीने २०१४-११-०१ अशी लिहिली तरी सुटका होत नाही. जावास्क्रिप्ट अशी तारीख ग्रिनिचच्या मध्यरात्रीची धरते. भारतात ती पहाटे साडेपाच म्हणून त्याच दिवशी पडते, पण न्यू जर्सीतल्या मराठी घरात तेच पान ३१ ऑक्टोबर दाखवतं. हे सगळं अर्ध्या तासात सांगून होत नाही.

माणसं कुठे अडखळतात यावर जुना आणि चांगला अभ्यास आहे. १९७४ साली डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी सीक्वेल ही भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. फिलिस रायझनर यांनी त्या दोघांसह सीक्वेल आणि तिची एक गणिती बहीण या दोन्ही भाषा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना शिकवून पाहिल्या. काहींना प्रोग्रॅमिंग येत होतं, काहींना नाही. न येणाऱ्यांना इंग्रजी वाक्यासारखी सीक्वेल सोपी गेली. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती रायझनर यांनी केलेली चुकांची वर्गवारी. बऱ्याचशा चुका तर्काच्या नव्हत्याच. रकान्याच्या नावाला अनेकवचनाचा प्रत्यय लावणं, स्पेलिंग चुकणं, अवतरणचिन्हं विसरणं, एका शब्दाऐवजी त्याच अर्थाचा दुसरा वापरणं, अशा त्या होत्या. मुलांना विचार करता येत होता, यंत्राला लागणारा काटेकोरपणा अंगी आला नव्हता. एवढ्या वर्षांनीही वर्गात पहिल्या दिवशी दिसतात त्या याच चुका.

मराठीत हा काटेकोरपणा दुप्पट लागतो. आपण म्हैसूर लिहितो, कन्नड माणूस मैसूरु, इंग्रजी फायलीत दोन स्पेलिंगं फिरतात, आणि अर्ज भरणारा "म्हैसूरला" असंही लिहून मोकळा होतो. बेळगावचं तेच. नावावरून दोन तक्ते जोडायला गेलं की निम्म्या ओळी गळतात आणि पडद्यावर कुठेही लाल अक्षरात चूक दिसत नाही. म्हणून गावाला सांकेतिक क्रमांक द्यायचा, नावं त्याच्या खाली भाषेप्रमाणे ठेवायची आणि जोडणी फक्त क्रमांकावर करायची. ही सवय पहिल्याच प्रकल्पात लागली पाहिजे.

क्रमवारी हे तर स्वतंत्र प्रकरण. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो, आणि मग क्ष, ज्ञ. जावास्क्रिप्टची साधी सॉर्ट संकेतांक पाहते, त्यामुळे क्ष क च्या घरात जाऊन बसतो आणि ळ व च्या आधी घुसतो. मराठीचा क्रम ब्राउझरला ठाऊक असतो, फक्त 'मराठीच्या नियमाने लाव' असं सांगावं लागतं. ते सांगायला कोणत्याही इंग्रजी धड्यात कारण नसतं, म्हणून ते कुणी शिकत नाही. संख्यांचं उलटं होतं. ब्राउझरला संख्या मराठी पद्धतीने दाखव म्हटलं की तो आपणहून देवनागरी अंक काढतो, १२,३४,५६७ असे, स्वल्पविरामही आपल्याच जागी. छान दिसतं. पण तोच मजकूर पुन्हा संख्येत बदलायला गेलं तर उत्तर येतं की ही संख्या नव्हे. दाखवायचं रूप वेगळं आणि साठवायचं रूप वेगळं, हा धडा हिंदीवाल्याला इतका लवकर मिळत नाही, कारण हिंदीसाठी ब्राउझर सहसा इंग्रजी अंकच दाखवतो.

"म्हैसूर" या शब्दाची लांबी विचारली तर जावास्क्रिप्ट ७ सांगते, वाचणाऱ्याला दिसतात तीन अक्षरं. "दऱ्या" हा शब्द एकाहून अधिक प्रकारे टाइप करता येतो. डोळ्याला सगळे सारखे, यंत्राला वेगळे, आणि शोधपेटीत शब्द मिळत नाही. आणखी एक नेहमीची फजिती: म्हैसूरचा एसटीडी कोड ०८२१ असलेली सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये थेट उघडली की पुढचं शून्य उडतं आणि ८२१ उरतात. त्याच फायलीतली मराठी नावंही अनेकदा अगम्य चिन्हांत बदलतात. फोन क्रमांक ही संख्या नाहीच, तिची बेरीज कुणी करत नाही. तो अंकांनी लिहिलेला मजकूर आहे. विद्यार्थ्याला हे वाक्य पाठ करून उपयोग होत नाही. एकदा स्वतःची फाईल बिघडली की लक्षात राहतं.

मग शिकवायचं कशावर? इंग्रजी धडे काल्पनिक दुकानातल्या काल्पनिक मालावर चालतात, आणि तो माल नेहमी शिस्तीत असतो. म्हैसूरमध्ये याहून चांगलं उदाहरण रस्त्यावर आहे. २०१७ साली इथे 'ट्रिन ट्रिन' ही सार्वजनिक सायकल योजना सुरू झाली, सुरुवातीला ४५० सायकली. एका स्थानकावरून सायकल घ्यायची, दुसऱ्यावर ठेवायची. या योजनेचं पान करा असं विद्यार्थ्याला सांगितलं की तो एक तक्ता काढतो: स्थानकाचं नाव आणि तिथल्या सायकलींची संख्या. सायकल घेतली की संख्या एकने कमी, ठेवली की एकने जास्त. दिसायला बरोबर, आणि बटणंही काम करतात.

आता प्रश्न विचारायला लागा. दुरुस्तीला गेलेली सायकल कोणत्या स्थानकाची? कुणी सायकल घेऊन निघाला आहे आणि अजून पोचलेला नाही, त्याची नोंद कुठे? काल संध्याकाळी सहा वाजता एखाद्या स्थानकावर किती सायकली होत्या? त्या एका तक्त्याकडे यातल्या कशाचंच उत्तर नाही. हळूहळू लक्षात येतं की नोंदी तीन प्रकारच्या आहेत: स्थानक, सायकल आणि फेरी. सायकलींची संख्या ही नोंद नव्हेच, ती फेऱ्यांवरून काढायचं उत्तर आहे. चालू फेरीला निघण्याची वेळ असते आणि पोचण्याची नसते; तिथली रिकामी जागा म्हणजे "माणूस अजून रस्त्यावर आहे" ही माहिती. मघाशी जेसॉनमधलं 'काही नाही' किरकोळ वाटलं होतं, त्याला इथे अर्थ येतो. आणि कुणी रिकाम्या जागी शून्य भरलं तर तो प्रवासी मध्यरात्री पोचल्याचं दिसेल.

पानावर बटणं येतात ती यानंतर, आणि मग चित्र स्पष्ट होतं. वाचकाने नकाशावर कोणतं स्थानक निवडलं आहे ही स्क्रीनची माहिती, जगाची नव्हे. ती सर्व्हरवर साठवायचं कारण नाही. उलट सायकलींची संख्या नकाशावर एकदा आणि यादीत एकदा अशी दोन ठिकाणी वेगळी ठेवली, तर आज ना उद्या ती दोन ठिकाणं दोन आकडे सांगणार. वेबवरच्या साधनांचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास मोठ्या अंशी या एका दुखण्याचा आहे. २००६मध्ये आलेल्या जेक्वेरीच्या काळात प्रत्येक बटण थेट पानावर लिहीत असे, आणि पान हेच डेटाबेस होऊन बसे. २०१३मध्ये खुल्या झालेल्या रिॲक्टने सांगितलं की माहिती एका जागी ठेवा, पान तिच्यावरून दर वेळी काढा. ज्याने तीन प्रकारच्या नोंदी आधी कागदावर मांडल्या आहेत त्याला रिॲक्टचा हा आग्रह स्वाभाविक वाटतो. इतरांना तो नियमांचा जाच वाटतो, आणि ते दर दोन वर्षांनी नवं साधन शिकत राहतात.

सरावासाठी दुसरी आवडती खाण म्हणजे जुने कोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ची दुसरी आवृत्ती, शिकागो विद्यापीठाने शोधता येईल अशा रूपात ठेवला आहे. दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथे आहे. छापील कोशाची एक नोंद वाचून पाहा: शब्द, लिंग, व्युत्पत्ती, अर्थ, पोटअर्थ, वापराचा नमुना. जाड-बारीक टायपात आणि संक्षेपांत सगळी रचना दडलेली आहे. ती हाताने जेसॉनमध्ये उतरवायला बसलं की पहिल्या दहा शब्दांसाठी केलेला आराखडा पुढच्या काही शब्दांतच मोडतो. एका शब्दाला दोन लिंगं निघतात, एखाद्या अर्थाला उदाहरणच नसतं. संगणकाच्या विद्यार्थ्याने महिनाभर हे केलं तर त्याला नोंदीची जाण येईल आणि वर मराठीही सुधारेल, जे आमच्या पिढीच्या इंजिनिअरांच्या बाबतीत घडलं नाही.

मराठीत शिकायची सोय आहे का? पायाभूत पातळीवर आहे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटीने गावोगावच्या लाखो लोकांना स्प्रेडशीट दाखवली. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने छोटे ध्वनिचित्र-धडे भारतीय भाषांत, मराठीतही, आवाज देऊन तयार झाले. विद्यार्थ्याने धडा ऐकता ऐकता शेजारी स्वतः करायचं, ही त्यांची पद्धत मला पटते. पण दोन्हींकडे भर साधन कसं चालवायचं यावर आहे. तक्ता असा का, रकाना का फोडला, हे शिकवणारं मराठीत फार थोडं आहे आणि ती जागा यूट्यूबवरच्या उत्साही मुलांनी भरली आहे, ज्यांचा भर पुन्हा स्क्रीनवर.

आता एआय आलं आहे. सर्व्हरवरून माहिती आणून तक्ता काढणारा कोड ते मिनिटभरात लिहून देतं, तेव्हा हे सगळं शिकायचं कशाला, असं मुलं विचारतात. प्रश्न रास्त आहे. कोड हाताने लिहायचा भाग खरोखर कमी झाला. मात्र नमुना म्हणून पाच स्वच्छ ओळी दिल्या तर मिळणारा कोड पाच स्वच्छ ओळींपुरताच असण्याची शक्यता मोठी. सहाव्या ओळीत पोचण्याची वेळ रिकामी असते हे सांगणारं माणूसच लागतं.

त्या दृष्टीने सरकारी तक्ते हे उत्तम मैदान आहे. २०१२च्या राष्ट्रीय धोरणानंतर केंद्राने खुल्या डेटाचं संकेतस्थळ उघडलं, आणि तिथल्या फायली इंग्रजी धड्यांतल्या दुकानासारख्या शहाण्या नसतात. शीर्षकं दोन-दोन ओळींत, तळटीपांच्या चांदण्या आकड्यांना चिकटलेल्या. जनगणनेच्या तक्त्यात प्रत्येक जिल्ह्याच्या एकूण, ग्रामीण आणि शहरी अशा तीन ओळी असतात आणि तिन्ही नोंदीसारख्याच दिसतात. नवशिक्या त्यांची सरसकट बेरीज करतो. म्हैसूर जिल्ह्याची २०११ची लोकसंख्या ३० लाखांच्या किंचित वर होती. आलेखावर ६० लाख दिसले तर आलेख काढणारा कोड तपासण्यात संध्याकाळ घालवू नये, तक्त्यातली 'एकूण'ची ओळ आधी बाजूला काढावी.